हजार रुपयांत जग मोकळं

ओळखीतलं कुणी व्हिएतनामला निघालं की दोन प्रश्न हमखास येतात. तिथं व्हेज जेवण मिळतं का, आणि आयडीपी, म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, काढलं की स्कूटर चालवता येते ना? पहिल्याचं उत्तर माणसं शांतपणे ऐकून घेतात. दुसऱ्याला मी ‘नाही’ म्हटलं की तोंडं वाकडी होतात. “अहो, आरटीओनं दिलंय ते. सरकारी शिक्का आहे त्यावर!”

शिक्का खरा आहे, पुस्तिका खरी आहे, तुमचा फोटोही खरा आहे. फक्त व्हिएतनामच्या रस्त्यावर त्या पुस्तिकेची किंमत लग्नपत्रिकेएवढी आहे.

हिशेब सोपा आहे. रस्ते वाहतुकीचे दोन मोठे आंतरराष्ट्रीय करार आहेत, एक १९४९चा जिनिव्हाचा आणि दुसरा १९६८चा व्हिएन्नाचा. भारत १९६२ साली जिनिव्हाच्या करारात गेला आणि तिथंच बसून राहिला. व्हिएन्नाच्या करारात आपण नाही. व्हिएतनाम २०१४ साली व्हिएन्नाच्या करारात सामील झाला आणि जिनिव्हाच्या करारात तो नाही. म्हणजे आपलं आरटीओ देतं ते एका कराराचं परमिट, आणि समोरचा देश मानतो ते दुसऱ्या कराराचं. यात कुणाचा आकस नाही की दुष्टावा नाही. एका बँकेचं पासबुक दुसऱ्या बँकेत दाखवून पैसे मागण्यातला प्रकार आहे.

बरं, हे गुपित आहे का? ती पुस्तिका एकदा हातात घेऊन बघा. करडं कव्हर, आत पांढरी पानं, एकच मजकूर वेगवेगळ्या भाषांत, फोटोचं पान फ्रेंचमध्ये, आणि त्यावर ए, बी, सी, डी, ई असे वाहनांचे वर्ग. कोणत्या कराराखाली दिलंय, ते कव्हरवरच छापलेलं असतं. ज्या देशांनी त्या करारावर सही केली तिथंच हे चालेल, तेही दिल्यापासून एक वर्ष, हेही लिहिलेलं असतं. पण आपल्याकडे सरकारी कागद वाचण्यासाठी नसतो, प्लास्टिकच्या पाकिटात घालण्यासाठी असतो.

वाचत नाही म्हणून प्रवाशाला झोडपणं सोपं आहे. माझा खरा राग खिडकीच्या पलीकडच्यांवर आहे. आयडीपीचा अर्ज, म्हणजे फॉर्म ४ए, भरताना तुम्ही कोणत्या देशात जाणार ते लिहून घेतात. पासपोर्ट बघतात, हजार रुपये घेतात. माझ्यासमोर एका तरुणानं सरळ ‘व्हिएतनाम’ लिहिलं होतं आणि वर विचारलंही होतं, “तिथं चालेल ना साहेब?” खिडकीतून उत्तर आलं, “इंटरनॅशनल आहे ना? मग?” पोरगा खूश होऊन गेला. देशाचं नाव विचारायचं, लिहून घ्यायचं, पैसे घ्यायचे आणि त्या नावाकडे ढुंकूनही बघायचं नाही, तर मग विचारता कशाला? चौकशीची हौस म्हणून?

२०२२मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं देशभरातल्या आयडीपीचा नमुना एकसारखा केला आणि त्यावर क्यूआर कोड आणला. छान झालं. आता व्हिएतनाममधल्या दा नांगच्या पोलिसालाही खात्री करून घेता येईल, की तुमचं निरुपयोगी परमिट शंभर टक्के अस्सल आहे.

मग येतात भाड्यानं स्कूटर देणारे. त्यांना काय, ते पासपोर्ट ठेवून घेतात किंवा डिपॉझिट घेतात, हेल्मेट हातात देतात आणि किल्ली फेकतात. लायसन्स बघतीलच असं नाही. त्यांचा धंदा स्कूटर देण्याचा आहे, तुम्हाला कायदा शिकवण्याचा नाही. आणि उत्तर व्हिएतनाममधल्या हा जियांगच्या घाटात ड्रोन उडवणारे आपले व्हिडिओवाले तर “काही प्रॉब्लेम नाही गाइज” म्हणून मोकळे. त्यांना पुढच्या वळणावर पोलिसानं थांबवलं तर तो भाग एडिटिंगमध्ये जातो. तिथं पन्नास सीसीच्या आतल्या गाडीला लायसन्स लागत नाही हे खरं. पण आपल्या लोकांना मिळते आणि हवी असते ती एकशे दहा, एकशे पंचवीसवाली. १ जानेवारी २०२५पासून व्हिएतनामनं वाहतुकीचे दंड जबर वाढवले आहेत, हेही त्या व्हिडिओत सहसा नसतं.

“पण सगळेच चालवतात हो!” हे वाक्य मला तोंडपाठ आहे. चालवतात, आणि बहुतेक जण सुखरूप परतही येतात. पोलिसाचा दंड ही किरकोळ गोष्ट आहे, भरला की संपला. खरा फटका बसतो तो पाय मोडल्यावर. ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या बारीक टायपातल्या अटी वाचा. त्या देशात वैध असलेलं लायसन्स नसताना गाडी चालवत होतात, तर दावा नाकारायचा रस्ता कंपनीला मोकळा. प्रीमियम घेताना ‘फॉरेन टूर का? मजा करा’ म्हणणारी माणसं तेव्हा कलम-उपकलमात बोलू लागतात. आणि समोरचा कुणी जखमी झाला असेल, तर त्याची भरपाई तुमच्या खिशातून. त्या वेळी आरटीओ, स्कूटरवाला आणि व्हिडिओवाला, तिघंही हात वर करून उभे असतात.

थायलंडला तर करार जुळतो, तरीही आपण गोत्यात येतो. तिथं आपलं १९४९वालं परमिट चालतं, पण वर्गाप्रमाणे. घरी फक्त कारचं लायसन्स असेल तर परमिटवर शिक्का बी वर्गाचा. फुकेतला भाड्यानं घेतलेली स्कूटर ए वर्गातली. झालं, तुम्ही विनापरवाना. शिवाय आयडीपीला एकट्याला काही अर्थ नाही, सोबत मूळ लायसन्सचं कार्ड लागतं. ते कपाटात ठेवून डिजिलॉकर उघडून दाखवणारे महाभाग आहेत.

उलट जपानमध्ये गंमत बघा. तिथं १९४९च्या करारातलंच परमिट चालतं, त्यामुळे आपली करडी पुस्तिका तिथं ऐटीत चालते, आणि जर्मनीतल्या, फ्रान्समधल्या माणसाला त्याचं स्वतःचं लायसन्स जपानीत भाषांतर करून घ्यावं लागतं. चीनच्या मुख्य भूमीत तर कुणाचंच आयडीपी चालत नाही. म्हणजे प्रश्न परमिट चांगलं की वाईट हा नाहीच, ते कुठल्या दारात चालतं हा आहे. आणि ते सांगण्याची जबाबदारी ज्यानं पैसे घेतले त्याची.

मागणी काही फार मोठी नाही. अर्जात देशाचं नाव लिहिलं जातं, त्यावर एक तपासणी लावा. देश करारात नसेल तर पैसे भरण्याआधी लाल अक्षरात सांगा, मराठीत सांगा. त्यासाठी ना संसदेत विधेयक लागतं, ना नवी समिती. आणि व्हिएन्नाच्या करारात जायचं की नाही, याचा विचार दिल्लीनं सवडीनं करावा; १९६८पासून सवडच चालू आहे.

तोवर दा नांगला गेलात तर अ‍ॅपवरून ग्रॅबची बाइक-टॅक्सी बोलवा आणि मागे बसा. हेल्मेट ग्रॅबवाला देतो, आणि लायसन्सही त्याचंच असतं.