ही खोली कुणाच्या घरातली?

इटलीत सरोवराकाठी किंवा समुद्राकाठी मुक्कामाची जागा निवडताना ‘खिडकीतून पाणी दिसतं का?’ हाच पहिला प्रश्न का असावा? एकट्या निघालेल्या बाईचे प्रश्न वेगळे असतात. रात्री गाडीतून उतरल्यावर किती चालायचं? कोमो सरोवरावर बेल्लाजोचं नाव मोठं, पण तिथे रेल्वे नाही. पलीकडच्या वारेन्नाला मिलानहून थेट गाडी येते, म्हणून मी वारेन्नाला राहिले. बेल्लाजो बोटीने पाव तासावर. लिगुरियाच्या किनाऱ्यावरच्या ‘चिंक्वे तेर्रे’ या पाच गावांत कोर्निल्याला तर स्टेशनापासून पावणेचारशेहून अधिक पायऱ्या. सामान घेऊन चढून बघा!

हे झालं सोयीचं. मला टोचला तो दुसरा प्रश्न. या पाच गावांची द्राक्षशेती चुन्याशिवाय रचलेल्या दगडी बांधांवर उभी आहे, आणि द्राक्षांच्या टोपल्या वाहण्यात बायाही होत्या. १९९७ मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा ठरवला. आता राहती घरंच पाहुण्यांच्या खोल्या झाली तर बांध सांभाळायला कोण उरणार? म्हणून रिकामं केलेलं आख्खं घर मी घेत नाही. मालकीण स्वतः राहते अशी खोली घ्यावी, नाहीतर शेतकरी कुटुंबाकडे उतरावं. तेही नाही जमलं, तर ला स्पेत्सिया शहरात राहून लोकलने जावं.

मानारोलातल्या मालकीणबाईंना मी विचारलं, चादरी बदलणाऱ्या बाईला किती देता? त्या हसल्या. “मीच बदलते.” भाड्यात त्याचे किती धरले, ते मात्र त्यांना सांगता येईना.