काकांचा पीसी गप्प केला, त्याची गोष्ट

मुरुडला पोचले की माझा मोबाइल सायलेंटवर जातो. समुद्र, वाडी, काकूच्या हातचं जेवण. ऑफिस आणि कॉम्प्युटर हे शब्दच बॅन! गेल्या दिवाळीत हा नियम मोडला तो काकांच्या पीसीने.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्या जुन्या डब्यावर चढेना. मग मीच त्यावर लिनक्स टाकून दिलं. काका खूश. पण सुरू करताना काळ्या स्क्रीनवर 'एसीपीआय एरर' अशी एक ओळ चमकायची. ''अगो, बिघडला वाटतं हा!'' रोज सकाळी हाक. खरं तर ही मदरबोर्डच्या बायोसमधली बारीकशी चूक, काम काही अडत नाही. पण 'एरर' वाचून न घाबरणारा माणूस दाखवा!

उपाय पाच मिनिटांचा. पीसी सुरू होताना लिनक्सला उठवतो तो 'ग्रब'. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'क्वाएट स्प्लॅश' लिहिलेलं होतंच. म्हणजे गप्प बस आणि चित्र दाखव. पण क्वाएट फक्त साधी बडबड थांबवतो, एरर तरीही डोकावतात. म्हणून त्यापुढे 'लॉगलेव्हल=३' लिहिलं, 'अपडेट-ग्रब' कमांड चालवली आणि रीस्टार्ट केलं. स्क्रीन एकदम चकाचक! कॉलर टाइट करून मी पुण्याला परत.

जानेवारीत फोन आला. ''फोटो उघडत नाहीत गो.''

साधेसुधे फोटो नव्हते ते. जून २०२० च्या 'निसर्ग' वादळाआधीची वाडी होती त्यात. आजोबांनी लावलेले माड, पोफळी, सगळं त्या एका दिवसात आडवं झालं. उरले होते ते फोटोच.

शनिवारी धावत गेले. लपवलेले मेसेज पुसले जात नाहीत, आत लॉगमध्ये साठून राहतात. उघडून बघते तर काय, हार्ड डिस्क दीड महिना रोज ओरडत होती, 'आय/ओ एरर, आय/ओ एरर'. बायोसची किरकिर आणि डिस्कचा आक्रोश, लिनक्सच्या लेखी दोघांची पातळी एकच. मी एकाच रुमालाने दोघांचं तोंड बांधलं होतं.

बरेचसे फोटो नव्या डिस्कवर आले. दोन फोल्डर गेले ते गेलेच. काका एवढंच म्हणाले, ''असूदे. झाडंच गेली, तिथे फोटोंचं काय!'' ते रागावले असते तर बरं झालं असतं.

'लॉगलेव्हल=३' काढून टाकलं. ती जुनी ओळ परत आली. काकांनी ती वहीत उतरवून घेतली. आता रोज सकाळी ताडून बघतात, वेगळी ओळ दिसली की फोन.

तुम्हालाही स्क्रीन चकाचक हवा असेल, तर जरूर करा. फक्त महिन्यातून एकदा 'जर्नलसीटीएल' कमांडने लॉग उघडून बघा. आणि फोटोंचा बॅकअप? तो मात्र आज, ऑफिसातून घरी गेल्या गेल्या!