घेटुळी बांधावरची की शेतातली? दाखल्यामुळे बदललेले गणित

पहिल्या पावसानंतर बांधावर, पडीत, खळ्याच्या कडेला पसरणारी घेटुळी म्हणजेच पुनर्नवा. कोवळ्या पाल्याची भाजी आपण खातोच. आयुर्वेदात हिचे मूळ आणि पंचांग अंगावरची सूज उतरण्यासाठी, लघवी मोकळी होण्यासाठी आणि हृदयाच्या दुखण्यात येणाऱ्या सुजेवर वापरतात. पुनर्नवासव, पुनर्नवा मंडूर, पुनर्नवादी गुग्गुळ ही औषधे वर्षभर विकली जातात, म्हणजे मागणी आहेच. तरीही "लागवड करू का?" असे कोणी विचारले की मी आजवर "नको" म्हणत आलो. जे फुकट उगवते आणि नुसत्या वेचणीच्या मजुरीत गोळा होते, त्याच्याशी मशागत, निंदणी, पाणी यांवर खर्च केलेल्या मालाने टक्कर कशी द्यायची?

जैवविविधता कायद्यातील दुरुस्तीने या उत्तराचा थोडा फेरविचार करायला लावला आहे.

२००२ च्या कायद्यानुसार औषधी वनस्पतींचा व्यापारी वापर करणाऱ्या उद्योगाने राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवायचे आणि लाभातील वाटा द्यायचा, अशी रचना होती. देशी कंपन्यांचे म्हणणे होते की वाट्याचे बंधन आपल्याला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात ते अमान्य केले. पुढे २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तिच्यानुसार लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना पूर्वसूचनेच्या या कलमातून सूट आहे. मात्र त्यासाठी स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीचा उत्पत्ती दाखला लागतो.

म्हणजे मूळ तेच, गुणही तेच. पण बांधावरून वेचलेले असेल तर कारखान्याच्या मागे कागदपत्रे आणि वाटा, आणि दाखल्यासह शेतातले असेल तर त्यातून सुटका. हा दाखला कारखान्याचा खर्च वाचवतो. त्या बचतीतला काही हिस्सा दरात मिळाला पाहिजे, हे शेतकऱ्याने करार करतानाच बोलून घ्यायला हवे. माल गाडीत भरल्यावर तो विषय निघत नाही.

याची दुसरी बाजू मला जास्त खटकते. वेचलेला माल "लागवडीचा" म्हणून दाखवण्याचा मोह आता होणार. तुमच्या वीस गुंठ्यांतून निघूच शकत नाही एवढ्या वजनाच्या कागदावर कोणी सही मागितली, तर देऊ नका. त्यात तुमचे नाव अडकते आणि वेचणाऱ्या भूमिहीन बायांच्या गावाला मिळू शकणारा वाटाही बुडतो.

समिती ग्रामपंचायत स्तरावर असते. राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातल्यानंतर २०१९-२० च्या सुमारास अनेक गावांत त्या घाईघाईने, केवळ कागदावर झाल्या. त्यामुळे लागवडीआधीच ग्रामसेवकाला विचारा: समिती आहे का, बैठक होते का, नोंदवही कोणाकडे आहे? पिकाची नोंद ई-पीक पाहणीत करा आणि काढणीचे वजन लिहून ठेवा. कृषी सहायकांनी एवढे करून दिले तरी शेतकऱ्याचे अर्धे काम होईल.

आता मालाविषयी. पुनर्नवेत सर्वाधिक भेसळ होते ती पांढऱ्या घेटुळीची, म्हणजे सोयाबीन-मक्यात तण म्हणून वैताग देणाऱ्या विषखापऱ्याची. लांबून दोन्ही सारख्या दिसतात. खऱ्या पुनर्नवेची फुले बारीक, गुलाबी-जांभळट असून लांब देठावर झुपक्याने येतात. पानांच्या जोडीत एक पान मोठे, एक लहान असते, पानाची खालची बाजू पांढुरकी दिसते आणि फळ बोटाला चिकटते. विषखापऱ्याचे पान मांसल असते, फूल पानाच्या बगलेत देठाशिवाय बसलेले असते आणि बी काळे, मूत्रपिंडाच्या आकाराचे असते. रोपे विकत घेत असाल तर ही खात्री फुलोऱ्यात आलेल्या मातृझाडावर करा. एका शेतकऱ्याने रोपांना चांगले पैसे मोजले आणि शेतात निघाला विषखापरा, हे मी स्वतः पाहिले आहे. परत खरेदीची हमी देणारा माणूस तोपर्यंत फोन उचलेनासा झाला होता.

माल नाकारला जाण्याचे दुसरे कारण माती. मूळ जाड आणि खोल जाते. भारी काळ्या जमिनीत खणताना तुटते आणि चिकटलेली माती धुतली नाही तर तपासणीत राखेचे प्रमाण वाढते. हलकी, भुसभुशीत जमीन त्यासाठीच बरी. तणनाशक फवारलेल्या बांधावरची किंवा रस्त्याकडेची घेटुळी तर औषधासाठी उचलूच नये. लागवडीच्या मालाचा खरा फायदा इथेच आहे, कारण त्यात काय फवारले याचा हिशेब देता येतो.

काही गट स्वतःच पूड करून "किडनी साफ", "मुतखडा घालवा" अशा चिठ्ठ्या लावून विकतात. औषध म्हणून विकायला परवाना लागतो आणि मुतखडा, हृदयविकार, रक्तदाब बरे करण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. शिवाय ही वनस्पती लघवी वाढवते आणि हिच्यात पोटॅशियमचे क्षारही असतात. मूत्रपिंड निकामी होत असलेल्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने डॉक्टरांना न विचारता तिचा काढा घेणे धोक्याचे ठरू शकते.

या हंगामात करायचेच असेल तर पाच गुंठ्यांवर करा. धुऊन, सावलीत वाळवलेल्या मुळांचा नमुना खरेदीदाराकडे पाठवा आणि दर व दाखल्याची अट लेखी आल्यावरच क्षेत्र वाढवा.