‘मला माणसं आवडतात’ एवढ्यावर अर्ज करू नका

औद्योगिक आणि संघटनात्मक मानसशास्त्रात पुढे शिकायचं म्हणणाऱ्या मुलामुलींचे अर्ज दरवर्षी माझ्याकडे वाचायला येतात. कुणी टीवायला असतं, कुणी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला, कुणी एचआरमधली नोकरी करता करता परदेशाची तयारी करत असतं. बहुतेकांच्या एसओपीची, म्हणजे अर्जासोबतच्या हेतुपत्राची, सुरुवात सारखीच असते. लहानपणापासून माणसांत रमायला आवडतं, मैत्रिणी मन मोकळं करतात, म्हणून मानसशास्त्र. ते खरंच असतं, पण अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकाला त्यातून काहीही कळत नाही. यंदा अर्ज करणार असाल तर तुम्हाला, आणि त्यासाठी कर्जाच्या कागदावर सही करणाऱ्या तुमच्या आईवडिलांनाही, काही गोष्टी स्पष्ट सांगायच्या आहेत.

‘हे शिकून करणार काय?’ हा घरातला प्रश्न रास्त आहे, त्याच्यावर चिडू नका. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटची परीक्षा देणारं कुणी ना कुणी आपल्या ओळखीत असतं. त्या भरतीत लेखी परीक्षेनंतर संगणकावर एक अभियोग्यता चाचणी होते. स्मरणशक्ती, सूचना पाळणं, अंतराचा अंदाज, एकाग्रता, नजरेचा वेग, अशा पाच चाचण्या. प्रत्येकीत किमान 42 टी-स्कोअर लागतो आणि कोणत्याही प्रवर्गाला त्यात सवलत नाही. इंजिनात बसणाऱ्या माणसाला नेमकी कोणती क्षमता लागते, ती कशी मोजायची, आणि चाचणीत पुढे असलेला माणूस रुळांवरही खरोखर चांगलं काम करतो का, हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं. ते काम या विषयाचं आहे. सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीत चित्र दाखवून गोष्ट लिहून घेतात, तिथेही हाच विषय आहे. कंपन्यांत निवड, प्रशिक्षण, कामाचं मूल्यमापन, पाळ्यांची आखणी, लोक नोकरी का सोडतात याचा शोध, असं त्याचं क्षेत्र पसरलेलं आहे.

म्हणजे हे मोजण्याचं शास्त्र आहे, आणि इथेच बरीच मुलं अडखळतात. एक उदाहरण सांगते. श्मिट आणि हंटर या दोघांनी 1998 मध्ये निवडीच्या पद्धतींवरचं अनेक दशकांचं संशोधन एकत्र केलं. बुद्धिमत्ता चाचणीचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध 0.51, ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीचा 0.51, गप्पांसारख्या मोकळ्या मुलाखतीचा 0.38, असे त्यांचे आकडे होते. पुढे वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांनी ते पाठ केले. 2022 मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच गणित पुन्हा तपासलं. कंपनीकडे डेटा असतो तो फक्त निवडलेल्या लोकांचा, नाकारलेल्यांचा नाही. त्यामुळे सहसंबंध मुळात असतो त्यापेक्षा कमी दिसतो आणि तो दुरुस्त करून वाढवावा लागतो. ही दुरुस्ती बऱ्याच ठिकाणी गरजेपेक्षा जास्त झाली होती, असं त्यांनी दाखवलं. नव्या हिशोबात ठरावीक प्रश्नांची मुलाखत 0.42 वर पहिली आली, बुद्धिमत्ता चाचणी 0.31 वर उतरली आणि मोकळी मुलाखत 0.19 वर आली. ‘दोन मिनिटं बोललो की मला माणूस कळतो’ असं म्हणणारे साहेब प्रत्येक ऑफिसात असतात. त्यांच्या हातात कित्येकांच्या नोकऱ्या असतात, म्हणून हे आकडे महत्त्वाचे आहेत.

वरचा परिच्छेद वाचताना ‘ती दुरुस्ती नेमकी कशी करतात?’ असा प्रश्न पडला असेल, तर हा विषय तुमचा आहे, बेलाशक अर्ज करा. मन उडालं असेल तर त्यात कमीपणा काही नाही, फक्त वाट वेगळी असू शकते. माणसाच्या दुःखाशी थेट काम करायचं असेल तर समुपदेशन आणि चिकित्सा मानसशास्त्र आहे. कारखान्याचं मनुष्यबळ सांभाळायचं असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा किंवा जमशेदपूरच्या एक्सएलआरआयचा मनुष्यबळ व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम जास्त सरळ नेतो. बी.ए.ला संख्याशास्त्राचा पेपर कसाबसा काढलेल्यांनी घाबरू नये, पण तो पुन्हा मन लावून शिकावा. ‘आर’ हे संगणकावरचं संख्याशास्त्राचं साधन फुकट मिळतं. सहसंबंध आणि प्रतिगमन स्वतःच्या हाताने करून बघा.

आता अर्जाचा गाभा. समितीला बघायचं असतं की तुम्ही एखादा प्रश्न धरून शेवटपर्यंत नेऊ शकता की नाही. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही, आणि लहान गावातल्या कॉलेजात शिकणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. भोसरी, सातपूर, वाळूज, कुपवाड, एमआयडीसी कुठे नाही? साखर कारखाना आहे, एसटीचा डेपो आहे, जिल्हा रुग्णालय आहे. एका विद्यार्थिनीने फाउंड्रीतल्या शिकाऊ कामगारांवर लघुप्रबंध केला होता. पोरं तीन महिन्यांत काम सोडतात, कारण पगार कमी, असं सगळे सांगत होते. तिने परवानगी घेऊन, नावं काढून टाकलेला हजेरीपट मागितला आणि प्रत्येकाची सोडून जाण्याची तारीख पाळीच्या तक्त्याशेजारी मांडली. रात्रपाळी पहिल्यांदा लागल्यानंतरच्या पंधरवड्यात गळती सर्वांत जास्त होती. पगार तर सगळ्यांचा सारखाच होता. एवढ्यावर रात्रपाळी हेच कारण असं म्हणता येत नाही, हेही तिने स्वतःच लिहिलं, आणि ते सिद्ध करायला आणखी काय तपासावं लागेल तेही लिहिलं. तिच्या एसओपीचा पहिला खर्डा ‘मला माणसं आवडतात’ असाच होता. दुसरा या हजेरीपटापासून सुरू झाला, आणि तो वाचणाऱ्याला ती काय करू शकते हे पहिल्याच परिच्छेदात दिसलं.

या विषयाला आपल्याकडे परंपराही आहे, ती माहीत असू द्या. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले तरी उत्पादन हवं तसं वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस 1953 मध्ये तिथे गेले. काम इतक्या तुकड्यांत वाटलं गेलं होतं की कुणाचाच कुणाशी मेळ नव्हता. कामगारांचे छोटे गट करून प्रत्येक गटाकडे काही माग सोपवले, तेव्हा उत्पादन वाढलं आणि खराब कापड कमी झालं. परदेशातल्या विद्यापीठाला अर्ज करताना फक्त अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्याचा दाखला देऊ नका, आपल्या शेजारच्या गिरणीचाही द्या.

पैशांबद्दल स्पष्टच बोलते. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातल्या उपयोजित मानसशास्त्र विभागात किंवा पुण्याच्या विद्यापीठात एम.ए. केलं, तर परदेशाच्या मानाने खर्च अगदी थोडा येतो. अमेरिकेतली दोन वर्षांची मास्टर्स बहुतेकांना स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशांवर करावी लागते. पीएच.डी.ला मात्र बहुधा फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल विद्यावेतन मिळतं. तिथे जागा मोजक्या असतात, पाचेक वर्षं लागतात, आणि तुम्हाला निवडतो तो बहुतेक वेळा एखादा ठरावीक प्राध्यापक. म्हणून सप्टेंबरमध्येच त्यांचे अलीकडचे दोनतीन शोधनिबंध वाचा आणि यंदा नवा विद्यार्थी घेणार आहात का, असं चार ओळींत विचारा. पन्नास जणांना एकच मेल पाठवू नका, ते लगेच ओळखू येतं.

राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीवर विसंबून असाल तर एक अडचण आधीच जाणून घ्या. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. या विषयातले बोलिंग ग्रीन किंवा ॲक्रन यांच्यासारखे नावाजलेले विभाग क्रमवारीत खाली असलेल्या विद्यापीठांत आहेत. त्या वर्षीची जाहिरात हातात घेऊन मगच विद्यापीठांची यादी करा. कर्ज काढणाऱ्यांनी शिक्षणानंतर तिथे किती काळ काम करता येईल हे तपासावं. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेने हा विषय विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या ‘स्टेम’ यादीत घातला. त्यामुळे 12 महिन्यांच्या कामाच्या परवानगीला आणखी 24 महिन्यांची जोड मिळू शकते. मात्र विभागाने अभ्यासक्रम त्याच सांकेतिक क्रमांकाखाली नोंदवलेला असायला हवा आणि नियमही बदलत असतात. म्हणून एजंटाच्या शब्दावर जाऊ नका, विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. जीआरई या प्रवेशपरीक्षेचंही तसंच आहे. बऱ्याच विभागांनी ती ऐच्छिक केली आहे, काहींनी ठेवली आहे, तेव्हा प्रत्येकाचं पान उघडून बघा.

शिफारसपत्रांवरून मला आपल्या कॉलेजांबद्दल फार वाईट वाटतं. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही रीत अजून चालू आहे. तिन्ही पत्रांची भाषा एक, विशेषणं एक, आणि अर्ज तिथेच पडतो. सरांकडे किंवा मॅडमकडे निदान दीड महिना आधी जा. तुमचा लघुप्रबंध, गुणपत्रक आणि कुठल्या कामात त्यांनी तुम्हाला पाहिलं याच्या चार ओळी त्यांच्या हातात द्या, आणि पत्र त्यांनाच लिहू द्या. प्राध्यापक बंधुभगिनींनाही कळकळीची विनंती आहे. प्राचार्यांच्या नावाच्या गुळगुळीत पत्रापेक्षा, ‘या मुलीने डेटात चूक सापडल्यावर पूर्ण विश्लेषण पुन्हा केलं’ हे तुमचं एक वाक्य तिला जास्त पुढे नेईल.

पीएच.डी.च्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीला संपू लागते, मास्टर्सची त्यानंतर. उत्तरं मार्चपर्यंत येत राहतात. विद्यावेतनासह जागा मिळाली तर अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत 15 एप्रिलपर्यंत निर्णय घेण्याची मुभा असते, त्याआधी कुणी दडपण आणलं तर नम्रपणे वेळ मागा. त्या दिवसांत तिथे आत्ता शिकणाऱ्या दोघातिघांशी बोला. प्राध्यापक वेळ देतात का, उन्हाळ्यात पैसे मिळतात का, गेल्या वर्षी बाहेर पडलेले कुठे लागले, हे विचारा. आणि जिथे जायचं नाही तिथे नकार त्याच दिवशी कळवा. ती जागा प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी मिळायची असते.