पंचनामा संपतो, दुःख संपत नाही

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर आदिवासींच्या वस्तीतील अनेक घरे ढिगाऱ्याखाली गेली. चार दिवसांनी शोधकार्य थांबले, तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. वाचलेली कुटुंबे आधी कंटेनरमध्ये राहिली, पुढे त्यांच्यासाठी चौकजवळ पक्की घरे बांधली गेली. कागदावर पुनर्वसन झाले. पण ज्यांची माणसे आजही त्या डोंगराखालीच आहेत, त्यांच्या मनाचे काय, हा रकाना कोणत्याच पंचनाम्यात नसतो.

मृतदेह सापडला नाही की शोकालाही वाट सापडत नाही. माणूस गेला हे कळते, पण मन मानत नाही. पावसाचा जोर वाढला की झोप उडते. तो दिवस जवळ आला की जुनी जखम पुन्हा ओली होते. हे दुःख पहिल्या आठवड्यात नव्हे, तर मदतीचे ट्रक परत गेल्यानंतर खरे डोके वर काढते. माळीण (२०१४) आणि तळीये (२०२१) या गावांवरही पावसाळ्यातच दरडी कोसळल्या. आपण तेव्हाही हळहळलो आणि पुढच्या बातमीकडे वळलो.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. इतर भिक्खू त्याची शुश्रूषा करत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः अंघोळ घातली. रुग्णसेवक कसा असावा, हेही तिथे सांगितले आहे: औषधोपचार जाणणारा, काय हितकर ते ओळखणारा, किळस न करणारा, लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणारा आणि योग्य वेळी धम्माचे बोल सांगून उभारी देणारा. यातला ‘योग्य वेळी’ हा शब्द आपण नीट वाचायला हवा. ज्याचे घरदार नुकतेच गाडले गेले आहे, त्याला अनित्यतेवर प्रवचन देणे ही करुणा नव्हे. आणि ‘लाभासाठी नव्हे’ यात फोटो, रील आणि संघटनेचे बॅनरही आले.

दुसरी सावधगिरी कर्माच्या भाषेबद्दल आहे. ‘नशिबात होते’, ‘मागच्या जन्मीचे भोग’ असे बोल सांत्वन म्हणून सहज तोंडी येतात. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत नाकारला. गोरगरिबांच्या दैन्याची जबाबदारी झटकायला तो शासनाला आणि समाजाला सोयीचा पडतो, हे त्यांनी ओळखले होते. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, हे सरकारनेच सांगितले आहे. यादी माणसे करतात, पूर्वजन्म नाही.

जपानचे उदाहरण इथे उपयोगी पडते. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर झेन धर्मगुरू ताइओ कानेता यांनी तात्पुरत्या निवाऱ्यांमध्ये ‘काफे द मोंक’ नावाचा फिरता चहा-अड्डा सुरू केला. मोंक म्हणजे भिक्खू, आणि जपानीत ‘मोंकु’ म्हणजे तक्रार. लोकांनी यावे, चहा-केक घ्यावा, मनातले बोलावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, एवढेच. २०१२ पासून तोहोकू विद्यापीठात अशा सेवेचे प्रशिक्षणही सुरू झाले. त्याचा पाया असा, की दुःखिताजवळ जाताना आपल्या धर्माचा प्रचार करायचा नाही.

हा नियम आपल्याला जड वाटेल, कारण धम्मप्रचार हे आपण कर्तव्य मानतो. पण शोकात बुडालेला माणूस नकार देण्याच्या स्थितीत नसतो. आदिवासी कुटुंबाला त्यांच्या रीतीने शोक करू देणे हाच तिथला धम्म. चळवळीलाही हेच लागू होते. मोर्चाला साक्षीदार हवा असतो, म्हणून कुणाला आपली कहाणी माईकवर पुन्हा पुन्हा सांगायला लावणे योग्य नाही. बोलायचे की नाही, हे त्या माणसाने ठरवायचे.

मात्र नुसते ऐकून घेणेही पुरेसे नाही. लोकांना शांत करून शासनाची सुटका करणे हे आपले काम नव्हे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्येच आपत्तीनंतरच्या मनोसामाजिक आधाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा हक्क ठरवला. तेव्हा पुनर्वसित वस्तीत समुपदेशक किती वेळा येतो आणि किती वर्षे येणार, हा प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयात विचारायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचा.

वर्षावासाचे तीन महिने आपल्या विहारांत ग्रंथवाचन चालते. दरडी आणि पुराचेही हेच महिने. प्रत्येक विहाराने आपल्या जिल्ह्यातील एक आपत्तीग्रस्त वस्ती निवडावी. तीच चार-पाच माणसे, दर महिन्याला, निदान दोन वर्षे तिथे जावीत. जाण्याआधी ऐकण्याचे प्रशिक्षण घ्यावे. झोप, जेवण सुटलेला किंवा मरणाची भाषा बोलणारा कुणी भेटला, तर त्याला एकटे न सोडता डॉक्टरांपर्यंत न्यावे. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येकाकडे असावा. आणि दोन वर्षे जमणार नसतील, तर तसे वचन देऊ नये. ज्यांनी एका रात्रीत सगळे गमावले, त्यांना अर्ध्यावर सोडून जाणारे आणखी कुणी नको आहे.

जय भीम!