खोक्यातलं पुस्तक आणि खांद्यावरचं खोकं



आधी माझा गुन्हा सांगतो, मग तुमचा.

गेल्या पावसाळ्यात चार दिवसांचा खाडा करून मी गोदीवरून घरी आलो, कोल्हापूरला, मंगळवार पेठेत. धाकटी बहीण उंबऱ्यात बसून एक खोकं फोडत होती. आतून निघाली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी, एक वासाची मेणबत्ती, दोन-चार रंगीत चित्रं, एक बिल्ला आणि पानात घालायची खूण. चौघी मैत्रिणींनी वर्गणी काढून मागवलेलं. किंमत विचारली. माझ्या तीन पाळ्यांची मजुरी. डोकं फिरलं. "ही मेणबत्ती काय लाइट गेल्यावर लावतीस?" म्हणालो आणि सगळं उचलून माळ्यावर भिरकावलं.

ती रडली नाही. म्हणाली, "दादा, मी वाचालोय त्यात तुझं काय गेलं? आधी वाच की. मग फेक."

हा माझा गुन्हा. आता तुमचा. हीच गोष्ट मी आपल्या पोरांच्या बैठकीत सांगितली तेव्हा तुम्ही खो खो हसलात. एक जण म्हणाला, "बरं केलंस भावा, असली पोरकट पुस्तकं म्हणजे पांढरपेशांची चैन." दुसरा म्हणाला, "आपल्या पोरींनी आत्मकथनं वाचावीत." त्या हसण्याला हे उत्तर आहे.

खोक्यांबद्दल मला कोणी शिकवू नये. मी गोदीत कंत्राटावर कंटेनर खाली करतो. दिवसाला किती खोकी खांद्यावरून जातात याचा हिशेब मुकादमाकडे असतो, दुखणं माझ्याकडे. एकदा एक खोकं फाटलं आणि धक्क्यावर पुस्तकं सांडली. पोरांची, तरण्यांची, रंगीत कव्हरांची. मी एक उचलून चाळायला लागलो तर मुकादम ओरडला, "ए कवी, वाचायचे पैसे मिळत नाहीत!" खरं बोलला साला. पुस्तक उचलायचे पैसे मिळतात, उघडायचे नाहीत. आमच्या बापजाद्यांपासून हाच करार आहे.

आता या खोक्यांचा धंदा बघा. तो आजचा नाही. अमेरिकेत १९२६ साली 'बुक ऑफ द मंथ क्लब' निघाला. महिन्याला एक पुस्तक, तज्ज्ञांनी निवडलेलं, टपालानं घरी. अलीकडे त्यातून कुमारवयीनांच्या कादंबऱ्यांची खोकी निघाली: कॅनडात 'आउलक्रेट', इंग्लंडात 'फेअरीलूट'. रंगवलेल्या कडा, लेखकाची सही, मेणबत्ती, मोजे, कप. आपल्याकडेही त्याची नक्कल झाली. पुस्तकाबरोबर हौस विकायची आणि हौसेबरोबर महिन्याची सवय लावायची. हे मी नाकारत नाही. मेणबत्तीवर माझा राग आजही आहे.

पण पुस्तकावर राग का काढला? कारण मी ते वाचलंच नव्हतं. न वाचता फेकायची ही रीत कुणाची, दोस्तहो? आपली की त्यांची?

खोकं माळ्यावरून उतरवलं. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. म्हणून तीन रात्री ती वाचत गेली आणि मला मराठीत सांगत गेली. कादंबरी अँजी थॉमस या काळ्या बाईची, 'द हेट यू गिव्ह', २०१७ सालची. सोळा वर्षांची पोरगी, स्टार. राहते काळ्यांच्या गरीब वस्तीत, शिकायला जाते गोऱ्यांच्या महागड्या शाळेत. शाळेत एक भाषा बोलते, वस्तीत दुसरी. तिच्या डोळ्यांसमोर पोलीस तिच्या निःशस्त्र दोस्ताला गोळी घालतो आणि सगळ्या गावाला प्रश्न पडतो तो असा, की मेलेला पोरगा गुंड होता काय? बोलायचं की गप्प बसायचं, यावर सारी कादंबरी उभी आहे.

बहिणीनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "दादा, कॉलेजात मी पण आडनाव हळूच सांगतो."

हे ती मला कधी बोलली नव्हती. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, फुल्यांचा आहे. बिंदू चौकात १९५० साली, बाबासाहेब हयात असताना, माधवराव बागलांच्या पुढाकारानं उभा राहिलेला त्यांचा पुतळा आमच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर आहे. तरी माझ्या बहिणीला तिची गोष्ट सांगायला अमेरिकेतली काळी पोरगी यावी लागली. पॅंथरचं नाव १९७२ साली तिकडूनच आलं ना? तेव्हा तुम्हाला ती चैन वाटली नाही. पोरीनं कादंबरी आणली की ती चैन?

आणि मराठीत तिनं काय वाचावं, ते सांगा.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मीही वाचलाय, शाळेच्या कपाटातून. फुरसुंगीचा पोरगा, सायकल दामटतो, चोर पकडतो. मजा आली. खोटं कशाला बोलू? पण मी मनातल्या मनात त्याच्या सायकलीवर बसलो तरी त्याच्या घरात मला पाणी मिळेल का, हा प्रश्न पुस्तकात येतच नाही. त्या जगात आमची गल्लीच नाही.

'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. गुरुजींबद्दल वाकडं बोलणार नाही. पंढरपूरचं देऊळ उघडावं म्हणून १९४७ साली हा माणूस उपाशी बसला होता. पण त्या पुस्तकात महाराची एक म्हातारी येते. तिची मोळी खाली पडलेली असते, उचलू लागायला कोणी नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, उचलू लाग, आणि घरी येऊन अंघोळ कर. शाळेत ही गोष्ट ऐकताना सगळा वर्ग श्यामकडं बघत होता. मी मोळीकडं बघत होतो. मी आज ओझी उचलतो म्हणून नाही, तेव्हापासूनच. श्यामला धडा मिळाला, वाचकाला गहिवर मिळाला. म्हातारीला काय मिळालं? मोळी. ती कुठं राहत होती, तिची नात त्या रात्री काय जेवली, नातीला कुठली गोष्ट सांगितली, हे मराठीत कुणी पोरांसाठी लिहिलं का? आम्ही त्यांच्या गोष्टीत येतो ते दया शिकवायला. साहस करायला नाही, प्रेम करायला नाही, वात्रटपणा करायला तर मुळीच नाही.

आता आपल्यातल्या शहाण्यांकडं वळतो. तुम्ही म्हणता, आत्मकथनं द्या. 'बलुतं' द्या, 'उपरा' द्या. द्या की! मी ती उशाला घेऊन झोपलोय. पण ती मोठ्या माणसांनी मोठेपणी मागं वळून लिहिलेली पुस्तकं आहेत. चौदा वर्षांच्या पोराला नुसती जखम दाखवून भागत नाही. त्याला पळायला रान पाहिजे. आपल्या पोरानं वाचायचं ते फक्त रडायला किंवा लढायला, असं ठरवणारे तुम्ही कोण? मौजेवर मक्ता सदाशिव पेठेचा, आणि मंगळवार पेठेच्या वाट्याला फक्त वेदना? ही वाटणी गावगाड्याचीच आहे, फक्त आता ती आपण आपल्या हातानं करतोय.

आपल्या आधीच्या लोकांना हे कळलं होतं. गिरणीतली, गोदीतली माणसं बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा फाटेस्तोवर वाचायची. वाटेगावच्या अण्णा भाऊंनी शाळेचं तोंड जेमतेम पाहिलं, मुंबईत गिरणीत राबले आणि १९५९ साली 'फकिरा' दिला. तो बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलाय. त्यात घोडा आहे, तलवार आहे, भुकेल्या माणसांसाठी लुटलेलं धान्य आहे. मी तो पंधराव्या वर्षी एका रात्रीत संपवला आणि पहिल्यांदा वाटलं, आपण गोष्टीच्या मधोमध असू शकतो. वेदना त्यात होतीच, पण वर घोडदौड होती.

आणि खुद्द बाबासाहेब? शाळकरी वयात केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र भेट दिलं. त्या पुस्तकाचा आपल्यावर झालेला परिणाम बाबासाहेबांनीच पुढं लिहून ठेवलाय. एका पोराच्या हातात योग्य वयात एक पुस्तक पडलं. १९५६ साली नागपुरात काय झालं ते जगानं पाहिलं. मला सांगा, पोरांची पुस्तकं हा पोरखेळ आहे?

खोक्याचा इतिहासही नीट वाचा. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला. त्याच्या योजनेतून लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेडोपाडी जाऊ लागली, भाडं सरकारचं. फिरती वाचनालयं! १९१७ साली त्याच बडोद्यात नोकरीला आलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. पुस्तकाची पेटी गावोगाव फिरत होती, पुस्तकं वाचून आलेला माणूस रस्त्यावर होता. त्याच साली विलायतेहून येणाऱ्या त्यांच्या ग्रंथांच्या पेट्या जर्मन पाणबुडीनं जहाजासकट बुडवल्या. सामानाची जी भरपाई मिळाली ती घेऊनच ते बडोद्याला गेले. धक्क्यावर पेटी उतरवताना मला कधी कधी वाटतं, ती बुडालेली पेटी अजून यायची आहे. ती उतरवून घ्यायला आपली टोळी तयार आहे का?

वर्गणी हे पाप नाही. 'ग्रंथाली' वाचकांची वर्गणी गोळा करून उभी राहिली आणि तिनंच १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' छापलं. कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, देशात सगळ्यांत आधी. कायदा आमच्या गावाचा पहिला! मग आमच्या गल्लीत पोरांना पुस्तक महाग का? बाजारानं खोकं आणलं कारण ती जागा आपण रिकामी ठेवली. रिकाम्या जागेत कोण तरी मेणबत्ती लावणारच.

म्हणून सांगतो, हसणं बंद करा आणि हे करा.

दर वस्तीत एक पेटी. लाकडाची नको, माझ्या गोदीतलं रिकामं खोकं चालेल. पोरांची वर्गणी महिना दहा रुपये, ज्याच्याकडं नाहीत त्याला फुकट. आत 'फकिरा' पाहिजे, बाबासाहेबांचं चित्रमय 'भीमायन' पाहिजे, 'किशोर'चे अंक पाहिजेत, आणि फास्टर फेणे सुद्धा पाहिजे. होय, सुद्धा! बहिणीसारख्यांनी इंग्रजी पुस्तक वाचून ते आठवड्याला एकदा मराठीत मोठ्यानं सांगावं. पेटी महिना संपला की पुढच्या वस्तीत. मेणबत्ती नाही. कुलूप नाही.

आणि कवींनो, तुम्हाला वेगळं सांगतो. मीही तुमच्यातलाच. आग, रक्त, सूर्य पुष्कळ झाले. मोळीवाल्या म्हातारीच्या नातीची गोष्ट लिहा. ती सायकलवर बसू दे, चोर पकडू दे, वर्गातल्या पोरावर जीव लावू दे, आडनाव मोठ्यानं सांगू दे. ती हसली तरी चालेल. क्रांतीला काही होत नाही.

ती मेणबत्ती अजून घरात आहे. परवा रात्री लाइट गेली तेव्हा बहिणीनं ती लावली आणि वाचत बसली. मी काही बोललो नाही. पुढचं पान ऐकायचं होतं.

जय भीम.

मंगळवार पेठ, कोल्हापूर