माहितीपटासाठी पैसा चाकणलाच आहे

मावळातल्या कातकरी वाड्यांवर कॅमेरे पोचले, पण कॅमेरा धरणारे बहुधा बाहेरचेच. वाडीतल्या पोरांच्या हाती आता मोबाइल आहे, सांगण्यासारखेही पुष्कळ आहे. अडते ते पैशापाशी. ध्वनिमुद्रकाचे मानधन, हार्ड डिस्क, संकलनाचे भाडे आणि कुठल्याच अंदाजपत्रकात न दिसणारी बुडालेली मजुरी.

वाटा अगदीच नाहीत असे नाही. झारखंडचे माहितीपटकार बिजू टोप्पो आणि मेघनाथ यांच्या आदिवासी विचारवंत रामदयाळ मुंडांवरील ‘नाची से बांची’ची निर्मिती फिल्म्स डिव्हिजनची होती; ही संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली. बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे मराठीतूनही अर्ज करता येतो. टाटा स्टील फाउंडेशनचा ‘समुदाय के साथ’ हा उपक्रम तर आदिवासी चित्रपटकर्त्यांसाठी आहे.

मावळातल्या पोराला मात्र इतके लांब जाण्याची गरज पडू नये. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्यात कला-संस्कृतीचे जतन बसते आणि कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्या, असेही कायदाच सांगतो. तळवडे-चाकणच्या कारखान्यांचा परिसर म्हणजे हाच मुलूख.

खरी अडचण पुढे आहे. हा पैसा एकट्या दिग्दर्शकाच्या हाती पडत नाही. राबवणारी संस्था नोंदणीकृत लागते आणि खासगी संस्थेला तीन वर्षांच्या कामाचा दाखलाही लागतो. वाडीवर तो कुठून आणायचा? सरकारने स्थापन केलेल्या संस्थांना ही अट नाही. पुण्यातली एफटीआयआय ही चित्रपटशिक्षण देणारी संस्था अशीच आहे. तिने आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेला सोबत घेऊन निधी स्वीकारावा, निवड आणि प्रशिक्षण करावे, हिशेब ठेवावा.

हा निधी मार्चअखेर संपवण्याच्या घाईत मात्र देऊ नये. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडाशी परततात. त्यांचे जगणे टिपायला एक हंगाम पुरत नाही. नियमांनुसार ‘चालू प्रकल्प’ म्हणून सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षे मिळू शकतात, ती घ्यावीत.

जमीन गेल्याची गोष्ट चित्रपटात आली तर पैसे देणाऱ्याला ती रुचेलच असे नाही. म्हणून अंतिम संकलन आणि हक्क दिग्दर्शकाकडेच राहतील, हे पहिला हप्ता देण्याआधीच करारात लिहून घ्यावे.